गाणे हवे, माणूस नको: दादा कोंडके यांच्याविषयी नागपुरातील चित्रपट-आयोजकांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहरातील चित्रपट मंडळे, महोत्सव समित्या आणि सांस्कृतिक कार्यक्रमांचे आयोजक यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आपल्यापैकी एका समितीने मला बैठकीला बोलावले होते. मराठी विनोदी चित्रपटांची तीन दिवसांची मालिका करायची होती आणि कोणते चित्रपट घ्यायचे, हे ठरवायचे होते. पोहे झाले, त्यांवर तर्री झाली, यादी आठ नावांपर्यंत आली, तेव्हा मी म्हणालो की दादा कोंडके यांचा एखादा चित्रपट घ्यायला हवा. दोघेतिघे हसले. ते माझ्या सूचनेला हसले की दादांचे एखादे वाक्य आठवून हसले, हे मला कळले नाही. मग अध्यक्षस्थानी बसलेले गृहस्थ अत्यंत सौजन्याने म्हणाले, "सर, आपल्याकडे कुटुंबं येतात." विषय अर्ध्या मिनिटात मिटला. महिनाभराने मालिकेचा समारोप झाला. त्यात वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता आणि शेवटून दुसरे गाणे होते 'ढगाला लागली कळ'. कुटुंबे उठून उभी राहिली. बैठकीत मान हलवणारे दोन सदस्य खुर्च्या बाजूला सारून नाचत होते आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजींनी नातीचा हात धरून ठेका धरला होता.

त्या समितीचे नाव मी लिहीत नाही, कारण ती बैठक शहरातल्या दुसऱ्या कोणत्याही समितीत भरली असती तरी अशीच झाली असती. दादांचे गाणे आपल्याला चालते, गाण्याचा धनी चालत नाही. 1978 सालच्या 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' या चित्रपटातले ते गाणे आहे, हे निवेदकाने सांगितलेसुद्धा नाही, कारण चित्रपटाचे नाव व्यासपीठावरून उच्चारायचे कसे, ही त्याची अडचण असावी. माझे म्हणणे एवढेच आहे की या माणसाचे काम आपण पूर्ण पाहावे, त्यातले चांगले आणि वाईट वेगळे करावे, आणि मग हवे तर नाकारावे. न पाहता नाकारणे आणि नाकारून नाचणे, या दोन्ही गोष्टी चित्रपटाचे काम गांभीर्याने करणाऱ्या मंडळींना शोभत नाहीत.

माझा परिचय थोडक्यात देतो. मी महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालो. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये सूत काढण्याच्या खात्यात होते. 1877 साली सुरू झालेल्या त्या गिरणीच्या जागेवर आज मॉल आहे. माझ्या लहानपणी मात्र आमच्या घरातले घड्याळ तिच्या भोंग्यावर लावले जाई आणि वडिलांची पाळी कोणती, यावर आमचे जेवण, झोप आणि सिनेमा ठरे. हे सांगण्याचे कारण असे की दादा कोंडके यांना घडवणारे जगही हेच होते, फक्त ते लालबाग-परळचे होते.

दादांचे चरित्र आपल्याला ठाऊकच असेल असे धरून मी पुढे जाणार होतो, पण त्या बैठकीत एका तरुण सदस्याने त्यांना "कोल्हापूरकडचे" म्हटले, म्हणून चार ओळी लिहितो. कृष्णा कोंडके यांचा जन्म 8 ऑगस्ट 1932 रोजी मुंबईत गिरणगावात, गिरणीवर पोट असलेल्या कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव भोरजवळचे इंगवली. तरुणपणी ते वस्तीतल्या मारामाऱ्यांत पुढे असत आणि सोड्याच्या बाटल्या फेकण्यात त्यांचा हात होता, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितले आहे. पुढे ते बँडमध्ये रमले, अपना बाजारात नोकरीला लागले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात गेले आणि तिथे त्यांना आपला सूर सापडला. निळू फुले आणि राम नगरकर हेही त्याच कलापथकांच्या वाटेने आलेले. म्हणजे ज्या माणसाला आपण 'चावट' या एका शब्दात गुंडाळून ठेवले, त्याची तालीम सेवा दलाच्या शाहिरीत झाली होती, ही गोष्ट त्या तरुण सदस्याला खरी वाटेना.

त्यानंतर आले 'विच्छा माझी पुरी करा'. वसंत सबनीसांनी लिहिलेले हे लोकनाट्य 1965 साली रंगभूमीवर आले आणि त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. त्यातले दादांचे काम म्हणजे हवालदार. संहिता सबनीसांची, पण गावोगावी त्या त्या दिवसाचे राजकारण, त्या त्या गावचा पुढारी, सकाळच्या वर्तमानपत्रातला मथळा हे सगळे दादा संध्याकाळच्या प्रयोगात ओढून घेत. नट संहिता सोडून बोलतो तेव्हा लेखकाचा जीव टांगणीला लागतो, हे मी हौशी रंगभूमीवर पुष्कळ पाहिले आहे. इथे मात्र लेखनाची घडणच अशी होती की बतावणीला मोकळी जागा मिळावी. आशा भोसले यांनी हा प्रयोग पाहिला आणि भालजी पेंढारकरांकडे दादांचे नाव सुचवले. भालजींच्या 'तांबडी माती'मधून 1969 साली दादा पडद्यावर आले. 1971 साली त्यांनी स्वतः 'सोंगाड्या' काढला. दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे, लेखन सबनीसांचे, संगीत राम कदम यांचे, नायिका उषा चव्हाण आणि आईच्या भूमिकेत रत्नमाला. दादा तेव्हा एकोणचाळिशीच्या घरात होते. या वयात चित्रपटातले नट बहुधा थोरल्या भावाच्या भूमिका स्वीकारू लागतात. दादांनी हाफ पँट घातली.

'सोंगाड्या'ची एक हकिगत वारंवार सांगितली जाते. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात तो लागायचा होता, पण मालकाला त्याऐवजी देव आनंद यांचा 'तेरे मेरे सपने' लावायचा होता. दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक चित्रपटगृहावर धडकले आणि 'सोंगाड्या' लागला. ही गोष्ट सांगताना कोणी राजकारणावर भर देतो, कोणी दादांच्या धाडसावर. मला तिच्यात दिसते ती साधी अडचण: खुद्द दादरमध्ये मराठी चित्रपटाला पडदा मिळत नव्हता. मग नागपूरचे काय सांगावे? 1956 पर्यंत आपले शहर मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि चित्रपट वितरणाच्या धंद्यात आपला मुलूख आजही 'सीपी-बेरार', म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, या नावानेच ओळखला जातो. राज्य गेले, राजधानी गेली, प्रांताचे नाव नकाशावरून पुसले गेले, पण सिनेमाच्या पेटीवर ते टिकून राहिले. त्या मुलखाचा व्यवहार हिंदीवर चाले. मराठी चित्रपट आमच्या वाट्याला यायचा तो उशिरा, आणि आला तर सकाळच्या किंवा दुपारच्या खेळाला. दादांच्या चित्रपटांनी आमच्या भागात हे बदलताना मी पाहिले. रात्रीच्या खेळाला मराठी चित्रपट आणि बाहेर तिकिटांचा काळा बाजार, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिले ते 'पांडू हवालदार'च्या वेळी.

त्या चित्रपटाविषयी मला जरा सविस्तर लिहू द्या. मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो. वडिलांची दुसरी पाळी होती, म्हणून आई चाळीतल्या चार बायकांबरोबर दुपारच्या खेळाला निघाली आणि मला सोबतीला घेतले. महालातले ते चित्रपटगृह. बायकांची बसण्याची जागा वेगळी. मी आईच्या शेजारी, म्हणजे सर्वांत वाईट जागी बसलो होतो. त्या वयात विनोद कळतो आणि तो कळला हे आईला कळू द्यायचे नसते. पहिल्या दहा मिनिटांत दादा काहीतरी बोलले, चित्रपटगृह उसळले आणि मी दात घट्ट मिटून समोर बघत राहिलो. थोड्या वेळाने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले तर आईने पदर तोंडात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. घरी येताना एक शेजारीण म्हणाली, "कसं बाई बोलते तो!" तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "काय बोलला तो? साधंच तर बोलला. वाईट तुह्या मनात होतं." पुढच्या रविवारी वडील मला घेऊन तोच चित्रपट पुन्हा पाहायला गेले. तिथेही मी दात मिटूनच बसलो होतो. अंधारात त्यांचा आवाज आला, "काहून दाबून राह्यला बे? हास न!"

आईने त्या दिवशी दादांची सगळी रीत एका वाक्यात सांगितली होती, असे मला शिकवायला लागल्यावर कळले. तमाशात गण, गौळण होते आणि मग बतावणी येते. बतावणीतला सोंगाड्या शब्दाचा सरळ अर्थ घेतो आणि ऐकणारा वाकडा. सोंगाड्याला वाकडा अर्थ माहीतच नाही, हे नाटक जितके चोख वठेल तितका हशा मोठा. दादांचा चेहरा या कामासाठी घडवल्यासारखा होता. डोळे किंचित वर, ओठ उघडे, आणि वाक्य बोलून झाल्यावर हशाची वाट न बघता समोरच्या हसणाऱ्याकडे 'काय झालं?' असे पाहणे. विनोदी नट बहुधा वाक्य टाकून थांबतो. दादा वाक्य टाकून गोंधळत. लोंबत्या नाडीची ती ढगळ पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि वरचा सैल सदरा हे सगळे त्या गोंधळाचेच कपडे होते: शरीराने प्रौढ, अंगावर पोराचे कपडे, आणि हाक मारायला "आये!". सेन्सॉरशी त्यांचे खटके उडत ते याच रीतीमुळे. कागदावर लिहिलेले वाक्य निर्दोष, आक्षेप घ्यायचा तर घेणाऱ्याला आधी आपल्याला सुचलेला अर्थ उघड सांगावा लागे. सरकारी खुर्चीवर बसून ते सांगणे किती अवघड झाले असेल, याची कल्पना करताना मला आजही आमची शेजारीण आठवते.

आपण नागपूरकरांनी या विनोदाला नाक मुरडावे, याचे मला विशेष नवल वाटते. पूर्व विदर्भाची खडीगंमत आणि दंडार ही लोकनाट्ये पाहून वाढलेली माणसे आपल्यात अजून आहेत. खडीगंमतीतला नाच्या आणि त्याच्या भोवतीचे सवालजवाब ज्यांनी पाहिले आहेत त्यांना दादांचे एकही वाक्य नवे वाटणार नाही. आणि तान्ह्या पोळ्याला आपण काय करतो? काळ्या-पिवळ्या मारबतींचे पुतळे निघतात, त्यांच्यामागून बडग्यांचे पुतळे निघतात, त्या बडग्यांवर पुढाऱ्यांपासून महागाईपर्यंत सगळ्यांची यथेच्छ टर उडवलेली असते, "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी उठते आणि तिच्यामागे लोक जे काही जोडतात ते मी या पत्रात लिहू शकत नाही. ती मिरवणूक पाहायला कुटुंबेच येतात. पोरे बापाच्या खांद्यावर बसून पाहतात.

एक गंमत मात्र नोंदवतो. दादांची बोली आमची नव्हती. 'आये', 'ह्योच', 'काय रं' हे शब्द आमच्या कानांना परके होते. आम्ही 'माय' म्हणणारे, 'काय बे' म्हणणारे. तरी वर्षभर आमच्या वर्गातली पोरे एकमेकांना 'पांडू' म्हणत होती. पुढे तर साध्या पोलीस शिपायाला 'पांडू' म्हणणे साऱ्या महाराष्ट्रात रूढ झाले. पात्राचे नाव सामान्यनाम होऊन भाषेत शिरावे, हे आपल्या किती चित्रपटांच्या वाट्याला आले आहे, ते आपणच आठवून पाहावे. पोलीस खात्यातल्या माझ्या एका विद्यार्थ्याला हा शब्द मुळीच आवडत नाही, आणि त्याचे म्हणणे मला पटते. पण चित्रपटातला पांडू हा भाबडा आणि सरळ आहे, हे त्यालाही चित्रपट पाहिल्यावरच कळले.

1975 सालच्या 'पांडू हवालदार'पासून दादा दिग्दर्शकही झाले आणि हा चित्रपट आणखी दोन कारणांनी मोठा आहे. अशोक सराफ यांना मराठी प्रेक्षकाने ठळकपणे ओळखले ते यातल्या जोडीदार हवालदाराच्या भूमिकेमुळे. आपल्या चित्रपटात दुसऱ्या विनोदी नटाला एवढी जागा देणे हे किती निर्मात्या-नटांना जमते? दुसरे कारण थेट आपल्या शहराचे आहे आणि या पत्रात माझा आवाज कुठे चढणार असेल तर तो इथे चढेल. या चित्रपटाचे संगीत 'राम-लक्ष्मण' यांचे. हे जोडनाव दादांनी ठेवलेले. त्यातले राम म्हणजे सुरेंद्र आणि लक्ष्मण म्हणजे विजय पाटील, आपल्या नागपूरचे. सुरेंद्र लवकर गेले. विजय पाटलांनी पुढची सारी कारकीर्द 'राम-लक्ष्मण' याच नावाने केली, गेलेल्या जोडीदाराचे नाव एकदाही गाळले नाही. दादांच्या चित्रपटांतला तो दणदणीत ठेका त्यांचा. आणि 1989 मध्ये 'मैंने प्यार किया', 1994 मध्ये 'हम आपके हैं कौन' या चित्रपटांची गाणी देशभर वाजली, तीही त्यांचीच. ज्या गाण्यांवर नागपुरातल्या मंगल कार्यालयांत गेली तीन दशके नवरदेवाचे बूट चोरणे चालले आहे, ती गाणी नागपूरच्या माणसाची आहेत आणि त्या माणसाला चित्रपटात आणले दादा कोंडके यांनी. 22 मे 2021 रोजी विजय पाटील नागपुरातच गेले. करोनाची दुसरी लाट होती, माणसे जमवून निरोप देण्याचे दिवस नव्हते. ते दिवस सरल्यावर तरी आपण काय केले? माझ्या पाहण्यात त्यांच्या चित्रपट-कामाचा नीट आढावा घेणारा एकही कार्यक्रम आलेला नाही. आपल्यापैकी कोणी केला असेल आणि मी चुकलो असेन, तर मी आनंदाने क्षमा मागेन.

दादांच्या यशाचे आकडे सर्वांना पाठ आहेत, म्हणून लांबवत नाही. त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, म्हणजे प्रत्येकाने पंचवीस आठवडे गाठले, आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम' ही त्यांतली काही नावे. संच बहुधा ठरलेला: उषा चव्हाण, रत्नमाला, आवाज महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांचा. पंजाबी घरातल्या महेंद्र कपूर यांच्या तोंडी रांगडी मराठी गाणी घालून ती लोकांच्या गळी उतरवणे, ही निवड कोणाला आधी वेडेपणाची वाटली असेल. आज त्या पडद्यावरच्या चेहऱ्याला दुसरा आवाज लावून बघा, बसत नाही. 'एकटा जीव सदाशिव'वरून 2000 साली महेश मांजरेकरांनी गोविंदाला घेऊन 'जिस देश में गंगा रहता है' काढला. दादांनी स्वतः 'पांडू हवालदार' गुजरातीत 'चंदू जमादार' म्हणून केला आणि 1984 पासून हिंदीतही चार चित्रपट काढले. त्यांपैकी 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' हे नाव चित्रपटापेक्षा जास्त लोकांना ठाऊक आहे, आणि ते तसेच राहिले तर फारसे बिघडणार नाही.

इथे मला माझ्या आवडत्या नटाविरुद्ध लिहिले पाहिजे, नाहीतर आपण हे पत्र भक्ताचे म्हणून बाजूला ठेवाल. सोंगाड्याचा भाबडेपणा हा दादांच्या विनोदाचा पाया होता आणि तो पाया ऐंशीच्या दशकात खचत गेला. 'आली अंगावर', 'मुका घ्या मुका', 'येऊ का घरात' ही शीर्षके वाचली तरी कळते की आता दुसरा अर्थ प्रेक्षकाने शोधायचा उरलेला नाही, तो आधीच फलकावर रंगवलेला आहे. 1971 च्या 'सोंगाड्या'तल्या नाम्याला जग कळत नव्हते म्हणून आपण हसलो. 1992 मध्ये साठीच्या नटाला ते कळत नाही, हे कोणी मानावे? आणि नायिका? 'सोंगाड्या'त उषा चव्हाण यांच्या कलावतीला स्वतःचे मन होते, धंदा होता, निर्णय होते. नंतरच्या चित्रपटांतल्या नायिका बऱ्याचदा वाक्य आपटण्यासाठी उभ्या केलेल्या भिंती झाल्या. माझ्या विद्यार्थिनींनी वर्गात यावर घेतलेले आक्षेप योग्य होते आणि मी त्यांना उत्तर दिले नाही, कारण माझ्याकडे ते नव्हते. आईचा पदर आणि खांदे आठवूनही मला ते आजवर सापडलेले नाही. पण हे सगळे बोलायचे कुठे? ज्या मंडळांनी हे चित्रपट दाखवून त्यांवर अशी चर्चा घडवायची, ती "कुटुंबं येतात" म्हणून दार लावून घेतात, आणि मग दादा उरतात ते मोबाइलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत, जिथे वाक्य असते, पण गोंधळलेला चेहरा कापलेला असतो.

त्यांच्या खासगी आयुष्याविषयीही एक विनंती आहे. उद्या आपण कार्यक्रम केलाच, तर निवेदकाला 'हसवणाऱ्याच्या डोळ्यांतले अश्रू' या विषयापासून दूर ठेवा. हा विषय आपल्याकडे फार आवडीचा आहे आणि मला त्याचा कंटाळा आहे. तरुणपणी थोड्या काळात जवळची अनेक माणसे गेल्याचा धक्का दादांना बसला होता आणि त्यानंतरच लोकांना हसवण्याकडे आपण वळलो, असे ते सांगत. त्यांचा संसार टिकला नाही. 14 मार्च 1998 रोजी मुंबईत हृदयविकाराने ते गेले, त्या वेळी त्यांचे वय पासष्ट होते, आणि त्यांच्यामागे मालमत्तेचे वाद न्यायालयात गेले. आपल्या आत्मकथनाला त्यांनी 'एकटा जीव' असे नाव दिले, म्हणजे रौप्यमहोत्सवी चित्रपटाच्या नावातला 'सदाशिव' काढून टाकला. एवढे पुरे आहे. या शब्दखेळात त्यांनी स्वतः जेवढे सांगितले आहे, त्यापलीकडे जाऊन त्यांच्या घरातल्या माणसांची नावे व्यासपीठावर उच्चारण्याचे आपल्याला काही कारण नाही. ज्या माणसाने चित्रपटामागून चित्रपटात 'आये' म्हणून हाक मारायला रत्नमालांना उभे केले, त्याच्या पडद्यावरच्या घराविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. एक आई, एक भोळा मुलगा आणि जवळपास नेहमी गैरहजर असलेला बाप, ही मांडणी गावाकडे कुटुंब ठेवून गिरणीत राबणाऱ्या प्रेक्षकाला काय सांगत होती, यावर एखाद्याने बोलावे. मी श्रोत्यांत बसेन.

आता मागणी. दादांची जन्मशताब्दी 2032 मध्ये येते. मुंबई-पुण्यात काय व्हायचे ते होईल. नागपुरात तीन दिवस तरी व्हावेत, असे मला वाटते. 'सोंगाड्या', 'एकटा जीव सदाशिव' आणि 'पांडू हवालदार' हे तीन चित्रपट पूर्ण, न कापता, मोठ्या पडद्यावर दाखवावेत. त्यांच्या जोडीला नंतरच्या काळातला एक मुद्दाम ठेवावा, ज्यावर बायकांनी आणि मुलींनी मोकळेपणाने बोलावे. एक संध्याकाळ विजय पाटील यांची असावी, आणि त्या दिवशी 'ढगाला लागली कळ' वाजवताना संगीतकाराचे, चित्रपटाचे आणि दादांचे नाव घ्यावे, शीर्षक न अडखळता. चित्रपटांच्या हक्कधारकांची परवानगी, चांगल्या प्रतीचा शोध, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे चौकशी या गोष्टींना वेळ लागतो. आपल्या कामाची पद्धत मी जवळून पाहिली आहे, म्हणून आजपासून लिहितो.

आणि एक काम आहे, जे शताब्दीपर्यंत थांबू शकणार नाही. महाल, इतवारी, सीताबर्डी, सदर या भागांतल्या एकपडदा चित्रपटगृहांत काम केलेली माणसे, म्हणजे यंत्र चालवणारे, तिकीट फाडणारे, फलक रंगवणारे, मध्यंतरात खारे दाणे विकणारे, त्यांतली काही अजून आहेत. दादांच्या चित्रपटाला कोणत्या वाक्याला पडद्यावर चिल्लर पडायची आणि कोणत्या खेळाला बायका जास्त यायच्या, हे त्यांना पाठ आहे. गेल्या पावसाळ्यात मी अशा एका यंत्रचालकाकडे गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू. 'पांडू हवालदार'चे नाव काढताच ते हाताने हवेत रीळ फिरवू लागले आणि कोणत्या रिळाच्या शेवटी फिल्म तुटायची ते सांगू लागले, कारण तिथे लोक शिट्ट्या मारून पुन्हा दाखवायला लावायचे आणि तेवढाच तुकडा झिजला होता. मी वहीत लिहून घेतले आहे, पण माझ्याकडे ध्वनिमुद्रणाचे साधन नाही आणि माझा हात आता भरभर चालत नाही. आपल्यापैकी कोणी दोन तरुण मुले आणि एक चांगला मायक्रोफोन देणार असेल, तर मी त्यांना घेऊन जाईन. आणखी चार पत्ते माझ्याजवळ आहेत.

सभागृहाचे म्हणाल, तर मी दिनदर्शिका पाहून ठेवली आहे. 2032 चा 8 ऑगस्ट रविवारी येतो. रविवारची सभागृहे आपल्याकडे लग्नांना आणि स्नेहसंमेलनांना आधीच जातात, तेव्हा अर्ज वेळेवर करावा. अर्जात कार्यक्रमाचे नाव लिहिताना अडचण वाटली, तर मला बोलवा. तो रकाना मी माझ्या हाताने भरीन.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, महाल, नागपूर